आजोच्या आईची आंगवण

आमचा आजो मरायला घाबरत होता. हे लिहिताना मला अजून कसंसंच होतं, कारण भीती हा प्रकार त्याच्या अंगाला कधी लागलेलाच आम्ही पाहिला नव्हता. पेडण्याकडच्या आमच्या गावात त्याला सगळे ‘पलटणवालो’ म्हणत. पोर्तुगिजांच्या राज्यात विशीतला, लग्न होऊन एक मुलगा झालेला हा गडी गावातल्याच एका दोस्ताबरोबर हद्द ओलांडून सावंतवाडीकडे गेला, तिथून बेळगावला जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झाला आणि थेट इटलीच्या लढाईवर पोचला. मांडीत गोळी घेऊन परत आला, दोस्त मात्र आला नाही. घरात नाग निघाला की सगळे ओरडत बाहेर, आणि आजो काठीवर त्याला उचलून शांतपणे कुंपणापलीकडे सोडून यायचा. असा माणूस खाटेवर पडून माझा हात घट्ट धरायचा आणि म्हणायचा, “बाय, ती आंगवण फेडल्याशिवाय माका मरूक येवचा नाय.”

आंगवण म्हणजे नवस. आजो लढाईवर होता तेव्हा त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या पणजीनं, तो सुखरूप परत यावा म्हणून गावच्या रवळनाथाला आंगवण बोलली होती. एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. काय बोलली ते तिनं कोणाला सांगितलं नाही, आणि आजो घरी पोचायच्या चार महिने आधी ती गेली. मग आजो जन्मभर त्या न कळलेल्या नवसाच्या धाकात जगला. माझी आत्या पाच वर्षांची होऊन तापानं गेली, आजी ऐन संसारात गेली, दर वेळी आजो एकच बोलायचा, देव कोपलाय, आईची आंगवण बाकी आहे. एकदा वादळात परसातला फणस पडला तेव्हाही हेच बोलला, आणि मी लहान असून फिस्सकन हसले होते. पुढं मोठेपणी ते हसणं आठवलं की लाज वाटायची.

माझं सांगायचं तर मी देवाला हात जोडणारी, पण मनात त्याच्याशी भांडण ठरलेलं. सर्वण गावात दिलेली, तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवणारी, आणि जिभेची तिखट म्हणून दोन्ही घरांत प्रसिद्ध. पाच वर्षांच्या पोरीला तापानं नेणारा आणि वर एका म्हाताऱ्याला चाळीस वर्षं भीती घालणारा देव मला पटत नसे. पण आजो म्हणजे माझा जीव की प्राण. लहानपणी शाळेत पोचवायला तो यायचा तो मला ‘लेफ्ट-राइट’ करायला लावून, लंगडत लंगडत स्वतःही पाय जुळवत. सकाळी चहात उंडा, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, बुडवून खाताना त्याला तो ‘राशन’ म्हणायचा. गायीला हिंदुस्थानीत हुकूम सोडायचा आणि ती ऐकायची देखील. लढाईबद्दल विचारलं की फक्त चिखलाबद्दल सांगायचा. इटलीत आपल्यासारखाच चिखल असतो, म्हणे, पण भात मात्र कुठं लावलेला दिसत नाही. गावात एकच आळी अशी होती जिथं तो पाय ठेवत नसे. त्या न आलेल्या दोस्ताचं घर तिथं होतं. का जात नाहीस असं विचारायची आमची कोणाची छाती नव्हती.

गोवा वेगळं राज्य व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. भाषेवरून सगळीकडे आग पेटलेली. आमच्या घरातही दोन तट पडले होते. बाबा मराठीवाले आणि धाकटा काका कोकणीवाला. एका ताटात जेवलेले भाऊ सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि गंमत म्हणजे अबोला धरायच्या आधीचं शेवटचं कडाक्याचं भांडण दोघांनी त्याच आमच्या पेडण्याच्या बोलीत केलं होतं, ज्याला एक मराठी म्हणत होता आणि दुसरा कोकणी. आजो खाटेवरून ऐकायचा आणि मान हलवायचा. डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितल्यावर मी रजा टाकून माहेरी आले आणि दोघांना एकत्र बसवून बजावलं, की देवळात प्रसाद लावून विचारू या. आंगवण काय होती ते देवानंच सांगावं.

आमच्याकडे प्रसाद लावतात तो असा. गुरव ओल्या कळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवतो, घरचा माणूस गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार. मी दिलेली लेक, माझा देव आता सासरचा, म्हणून प्रश्न विचारायला घरच्या मुलग्यांनीच उभं राहायला हवं होतं. दोघे उभे राहिले खरे, पण गाऱ्हाणं मराठीत घालायचं की कोकणीत यावरून तिथंच सुरू झाले. गुरव म्हातारा, त्यानं दोघांकडे बघून हात जोडले. “देवाक दोनय कळतत. तुमी आदी त्येका बोलूक तरी देयात.”

मग विचारणं सुरू झालं. म्हाराजा, घंटा बोललेली काय? कळी हलली नाही. समई बोललेली काय? नाही. तुळाभार? नारळांचं तोरण? पालखीला वस्त्र? आम्हाला सुचेल ते आम्ही विचारत गेलो, दर प्रश्नाला थांबलो, आणि दोन्ही बाजूच्या कळ्या आपल्या जागी घट्ट. होकार नाही आणि नकारही नाही. असं सहसा होत नाही. गुरवही घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, “देव गप आसा. तो इचारलेल्याचाच उत्तर देता. आपला इचारणाच चुकता हा.” मला ते ऐकून असा संताप आला की काय सांगू. एक माणूस तिकडे जीव मुठीत धरून पडलाय आणि हा इथं कोड्यात बोलणार! तीर्थ न घेता मी बाहेर पडले, जाताना घंटा अशी जोरात ओढली की काकानं मागं वळून पाहिलं. मनात म्हटलं, बस मग गप्प. मीही आता तुझ्याकडे येणार नाही.

शाळेत रजेचा कागद द्यायचा राहिला होता, तो देऊन उद्या परत येऊ म्हणून त्याच पावली म्हापशाची बस धरली. धारगळच्या अलीकडे बस थांबली. आंदोलनवाल्यांनी रस्त्यावर मोठं झाड आडवं घातलं होतं. कंडक्टर म्हणाला, दोन तास तरी सुटका नाही. लोक शिव्या घालत उतरले. मीही उतरले आणि कडेला एका काजूच्या सावलीत दगडावर बसले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवून बसले होते. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. साठीच्या पुढची, केसांत आबोलीची फाती, मांडीवर पिशवी. दोन मिनिटं गेली नसतील तोच तिनं विचारलं, “कोणाची गे तू?” आमच्याकडे हा प्रश्न टाळता येत नाही. मी पलटणवाल्याची नात म्हणून सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट वळून बसली.

आजो कसा आहे, तिनं विचारलं, आणि माझा बांध फुटला. अनोळखी बाईपुढं मी सगळं ओकून टाकलं. आंगवण, आत्या, आजी, सकाळच्या न सुटलेल्या कळ्या, सगळं. ती म्हणाली, “चाळीस वर्सां तो भियेता? असां? माका कोणी सांगूक नाय.” ती मूळची आमच्याच गावची, त्या न आलेल्या दोस्ताची सख्खी बहीण. लग्न होऊन आमोण्याला गेलेली, भाच्याच्या घरी बारशाला येऊन परत चालली होती. लढाईच्या दिवसांत ती नवी नवरी होती आणि बरेच महिने माहेरीच होती. रोज दुपारी देऊळ रिकामं असताना ती आणि माझी पणजी एकत्र जायच्या, एक भावासाठी, एक मुलासाठी. तिनं स्वतः घंटा बोलली होती. आणि पणजी काय बोलली, ते तिनं शेजारी उभं राहून आपल्या कानांनी ऐकलं होतं.

“म्हाराजा, माझ्या झिलाक घराक पावय. कोणाक व्हरूचाच आसात तर माका व्हर.”

मुलाला घरी पोचव, कोणाला न्यायचंच असेल तर मला ने, एवढंच. बोलून झाल्यावर पणजीनं डोळे पुसले नाहीत की काही नाही. देवळातून बाहेर येताना, नवी नवरी असून केस नीट का विंचरले नाहीत म्हणून हिलाच फैलावर घेतलं, आणि वर दम दिला की ऐकलंस ते कोणाला सांगू नको, मुलाला तर मुळीच नको, तो जन्मभर रडत बसेल. त्याच महिन्यात पणजीला ताप आला. तापातही खुशीत होती म्हणे. बघायला येणाऱ्याला सांगायची, यंदा माझा मुलगा येतो बघा. आठ दिवसांत गेली. आणि चार महिन्यांनी आजो काठी टेकत दारात उभा राहिला.

आम्ही देवाला काय काय विचारत होतो! काय द्यायचं राहिलंय, हे द्यायचं की ते द्यायचं. फिटली काय, एवढं विचारायचं आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी त्या मावशीला विचारलं, “आणि तुझा भाऊ?” ती म्हणाली, नाही आला. सरकारचा कागद आला तेवढाच. घंटा तिनं तरीही वाहिली. देवळात उजव्या हाताची घंटा तिची, म्हणजे सकाळी मी रागानं ओढली तीच. न आलेल्या भावासाठी घंटा कशी वाहिलीस, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती शांतपणे म्हणाली, वाट बघायच्या दिवसांत देवच एक सोबतीला होता ना, म्हणून वाहिली. हे ऐकून माझी मान खाली गेली.

बसची वाट न बघता मी परत घराकडे चालायला लागले. दुपारचं ऊन तापलं होतं, चपलेचा अंगठा तुटला, चपला हातात घेऊन अनवाणी चालले. वाटेवर एकच विचार. सांगायचं की नाही? पणजीनं दम दिलेला. आपली आई आपल्या बदल्यात गेली हे ऐकून त्या म्हाताऱ्याचं काळीज फाटलं तर? न सांगावं तर तो भीतीनं मरणार. मग ठरवलं, सरळ थाप मारायची. घंटा निघाली म्हणून सांगायचं, बाबांना घंटा आणायला पाठवायचं, विषय संपला. मास्तरीण आहे मी, थापा पचवायची सवय आहे, एखादी मारताही येईल. पण गावच्या वेशीवर देवळाचा कळस दिसला आणि माझं सगळं अवसान गळालं. सकाळी ज्याला येणार नाही म्हणून बजावलं होतं, त्यालाच म्हटलं, मला कळत नाही रे बाबा. माझी अक्कल इथं संपली. माझ्या तोंडून काय निघायचं ते तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न मागता, काही न ठणकावता त्याच्यापुढं उभी राहिले असेन. फार वेळही नाही, दोन मिनिटं.

घरी आले तेव्हा दिवेलागण होत होती. आई तुळशीपाशी दिवा लावत होती, बाबा आणि काका दोघेही आजोच्या खोलीत, एक उशाशी आणि एक पायथ्याशी. देव गप्प राहिल्याचं त्याला सांगायचा धीर दोघांनाही झाला नव्हता. आजो जागा होता. “काय बोललो देव?” त्यानं विचारलं. मी घंटा म्हणायला तोंड उघडलं, आणि खरं तेच बाहेर आलं. पणजीचे शब्द जसे ऐकले तसेच. एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबताच आलं नाही.

काकानं आजोचे पाय धरले होते. छताकडे बघतच आजो बोलला. “म्हातारी आगाव. सुरवातीपासून आगाव. कोणाक इचारल्यान तिनं?” असं म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. मला वाटलं, संपलं, मी मारलं याला. मी त्याचं डोकं छातीशी धरलं. मग त्यानं तोंड वर करून माझ्याकडे बघितलं आणि शाळेतलं पोर विचारतं तसं विचारलं, “मगे देव माझेर रागवलेलो नव्हतो?”

“नाही रे आजो. कधीच नव्हता.”

“चेडवाक त्येनां नेल्यान नाय? माझ्यामुळे गेला नाय तां?”

चेडू म्हणजे मुलगी, माझी ती पाच वर्षांची आत्या. त्या लेकीचं मरण हा माणूस इतकी वर्षं स्वतःच्या माथ्यावर घेऊन हिंडला होता आणि आम्ही पडलेल्या फणसावर हसत होतो. नाही, मी म्हणाले, तुझ्यामुळे नाही. बाबाही म्हणाले, नाही. काकाही म्हणाला. तिघांनी सांगितल्यावर त्याला पटलं असावं. त्यानं एक लांब श्वास सोडला आणि पेज मागितली. दोन दिवसांनी त्यानं स्वतःहून काही मागितलं होतं.

पुढचे तीन दिवस आजो आमच्यात असा होता, की आजारी आहे हे विसरायला व्हावं. आईच्या खोड्या सांगून सांगून हसवलं त्यानं. लहानपणी तिनं त्याला कसं झाडाला बांधून घातलं होतं, शेजारणीशी भांडताना ती कशी कंबर कसायची. दोन्ही मुलग्यांना जवळ घेऊन म्हणाला, आईनं ज्या बोलीत देवाला सांगितलं ती देवाला कळली, तुम्ही दोघे गप्प बसा आता. तिसऱ्या दिवशी सकाळी, पेज पिऊन झाल्यावर, माझ्या हातात हात असताना तो गेला. चेहऱ्यावर भीती नव्हती. ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगते.

त्याला नेताना पुढचे दोन खांदे बाबा आणि काकाचे. कुंपणालगतची अरुंद पायवाट, दोघांचे पाय जुळेनात, तिरडी हलायला लागली. काका हळूच म्हणाला, “दादा, लेफ्ट.” बाबांनी पाय बदलला. आणि दोघे रडत रडत, मधूनच हसत, पलटणीतल्या माणसाला पाय जुळवून घेऊन गेले. गावातली बंद ठेवलेली दुकानं, दारात हात जोडून उभी माणसं, सगळं मी कुंपणापाशी उभी राहून पाहत होते. आमच्या पलटणवाल्याला साजेल असंच नेलं त्याला.

बाराव्यानंतर त्याची ट्रंक उघडली. फौजेचा दाखला निघाला, त्यात गोळी लागल्याची तारीख होती. पणजीचं श्राद्ध घरात दरवर्षी होतं, तेव्हा तिची तिथीही ठाऊक. काकाला दोन्ही ताडून बघायच्या होत्या, पंचांग घेऊन बसला. मी दाखला त्याच्या हातातून घेतला आणि ट्रंकेत परत ठेवला. जुळली तर काय आणि नाही जुळली तर काय. तिनं दिलं होतं आणि तो चाळीस वर्षं आमच्यात वावरला, मला लेफ्ट-राइट शिकवलं, यापेक्षा जास्त पुरावा मला नको होता. एके काळी मीच पहिली पंचांग उघडून बसले असते.

अशा गोष्टींत वाटेवर भेटलेली म्हातारी पुढं कोणाला सापडत नाही, असं मी वाचलेलं आहे. आमची सापडली. आमोण्यात नदीकाठी तिचं घर आहे आणि तिचे गुडघे फार दुखतात. महिना झाल्यावर मी तिच्याकडे गेले, कारण आजोनं त्या तीन दिवसांत एक निरोप दिला होता. तिच्या माहेरची आळी तो का टाळायचा, तेही तेव्हाच सांगितलं. त्याचा दोस्त त्याच्या शेजारीच पडला होता. त्या परक्या मुलखात, पावसात, ओली लाकडं पेटवून आजोनंच त्याला अग्नी दिला होता, रवळनाथाचं नाव घेऊन. पण परत आल्यावर दोस्ताच्या आईसमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही, मग एक वर्ष गेलं, मग दहा गेली, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

मी ओसरीवर बसून हे सगळं मावशीला सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, आत जाऊन माझ्यासाठी चहा आणि उंडा घेऊन आली, समोर बसली, आणि नदीकडे बघत म्हणाली, “म्हणजे गावचो माणूस व्हतो त्याच्याकडे. एकटो नव्हतो माझो भाव.”

देवळातल्या त्या सकाळी आम्ही फक्त आमचं मागायला गेलो होतो. देव गप्प राहिला म्हणून मी त्याला काय काय बोलले होते. त्याच रागात मी त्या बसमध्ये बसले नसते, तर हे एक वाक्य त्या म्हातारीला या जन्मी कोणी आणून दिलं असतं? मी उत्तर शोधत नाही. मी तिच्या पाया पडले, तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्ही दोघी चहा प्यायलो.